आम्ही पन्हाळा पाहून आलो

(संध्याकाळच्या वर्गापुढे केलेले भाषण)

मंडळी,

गेल्या आठवड्यात आपल्या वर्गातली सत्तावीस माणसे पन्हाळगडावर जाऊन आली. बरोबर आम्हीही होतो. काही जणांना येता आले नाही. कुणाची म्हैस व्याली होती, कुणाची कांद्याची लागण चालू होती, कुणाच्या घरी पाहुणे होते. आता ते सगळे आम्हाला वाटेत गाठून विचारतात, "गुरुजी, काय काय पाहिलंत?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगावे, म्हणून आज उभे राहिलो आहोत. सांगण्यासारखे पुष्कळ आहे. त्यात एक गोष्ट आमच्या स्वतःच्या चुकीची आहे. तीही सांगणार आहोत.

पहिला प्रश्न असा, की पन्हाळाच का? आपल्या फलटण तालुक्याजवळ डोंगर काय थोडे आहेत? शिखर शिंगणापूर आहे, ताथवड्याचा संतोषगड आहे. ते सोडून एवढ्या लांब का गेलो?

याचे कारण जुने आहे. आम्ही लहान होतो तेव्हा गावात एक पेन्शनर होते. लोक त्यांना हवालदारबाबा म्हणत. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीत होते आणि पलटणीबरोबर इटलीत लढले होते. इटली हा युरोपातला एक देश आहे. समुद्रापलीकडे, हजारो मैल दूर. हवालदारबाबा पारावर बसून आम्हा पोरांना तिकडच्या गोष्टी सांगत.

"तिकडं गाव म्हंजी डोंगराच्या माथ्यावर," ते सांगत. "खाली शेतं, द्राक्षाचं मळं, आन् वर तटाच्या आत गाव. दगडी घरं. अरुंद बोळ. मधी देऊळ. दुपारच्याला तर निस्तं चिडीचूप."

आम्ही विचारायचो, "बाबा, डोंगरावर गाव कशाला वसवायचं?"

"जीव वाचवायला," ते म्हणत. "खालनं फौजा जायच्या, लुटारू यायचे. वर बसलेल्याला लांबचं दिसतंय. आरं, आपला पन्हाळा बघा. पन्हाळा बघितला, की इटली बघितली."

हवालदारबाबांची गोष्ट खोटी नव्हती. आपले मराठी जवान खरोखर तिकडे लढले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. त्यांचे सोबती पडले, तेव्हा ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि ती त्यांनी बंद पाडली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या भागात मोंतोने नावाचे एक लहानसे जुने गाव आहे. तेही डोंगरावरच आहे. तिथे २०२३ साली आपल्या यशवंत घाडग्यांचे स्मारक उभे राहिले. ते सूर्यघड्याळाचे स्मारक आहे. सावली सरकते आणि वेळ कळते.

इटली काही आपल्याच्याने होणार नाही. पण पन्हाळा होण्यासारखा आहे. म्हणून ठरवले, हवालदारबाबांचे शब्द खरे करून पाहू.

एस.टी. ची गाडी ठरवली आणि मंगळवारी पहाटे निघालो. मंगळवार मुद्दाम धरला. रविवारी गडावर गाड्यांची रीघ लागते, आणि मग गाव दिसत नाही, गर्दी दिसते. फलटणहून सातारा, साताऱ्याहून कऱ्हाड, कऱ्हाडहून कोल्हापूर. तिथे अंबाबाईचे दर्शन घेतले. पुढे पंचगंगेचा पूल ओलांडला. कोल्हापूरपासून पन्हाळा साधारण वीस किलोमीटर. दोन्ही अंगांना ऊस. ऊस पाहून आपली माणसे हळहळली. आपले गाव कालव्याच्या वरच्या अंगाला. नीरेचा कालवा आपल्या खालून जातो. त्याचे पाणी आपल्याला दिसते, पण मिळत नाही. वर्षाला वीस इंच पाऊस झाला तरी आपण देवाला नारळ फोडतो.

मग चढण लागली. गाडी वळणे घेत वर चढू लागली. खालची शेते लहान लहान होत गेली आणि गोधडीच्या ठिगळांसारखी दिसू लागली. एक म्हातारे म्हणाले, "गुरुजी, एवढ्या वर मानसं ऱ्हात्यात?" आम्ही म्हणालो, "राहतात. आणि आजकालची नव्हे, आठशे वर्षांवर झाली, राहतात."

पन्हाळा समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच आहे. तटाचा घेर सुमारे सात किलोमीटर. पण हा नुसता ओसाड किल्ला नव्हे. तटाच्या आत गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. नगरपरिषद आहे, तालुक्याच्या कचेऱ्या आहेत, शाळा आहे, दवाखाना आहे. देवळे आहेत, साधोबाचा दर्गा आहे. अंगणात तुळस आहे, दारात शेळी आहे. महाराष्ट्रातले बहुतेक गड आज मोकळे पडले आहेत. तिथे वारा आणि माकडे राहतात. पन्हाळ्यावर माणसे राहतात. म्हणून हवालदारबाबांनी पन्हाळ्याचे नाव घेतले.

आता गडाचा इतिहास थोडक्यात सांगतो. बाराव्या शतकाच्या शेवटी इथे शिलाहार घराण्याचा दुसरा भोज राजा राज्य करीत होता. पन्हाळा ही त्याची राजधानी. त्याला देवगिरीच्या सिंघण यादवाने हरवले. हे सिंघणाचे नाव ऐकून कान टवकारा बरे का! आपले शिंगणापूर याच सिंघणाने वसवले असे सांगतात. पुढे बहामनी आले, त्यांच्यानंतर विजापूरची आदिलशाही आली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराजांनी अफझलखानाला मारले आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला पन्हाळा घेतला. छत्रपती संभाजी महाराजही या गडावर राहिले. थोरले महाराज १६८० साली रायगडावर गेले, तेव्हा शंभुराजे पन्हाळ्यावरच होते. त्यांची आई सईबाई म्हणजे आपल्या फलटणच्या निंबाळकरांची लेक. लेकीचा मुलगा तो आपला भाचा. तेव्हा पन्हाळा आपल्याला परका नाही.

आणखी एक नाते सांगतो. कवी मोरोपंत १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले आणि पुढे आपल्या शेजारी बारामतीस येऊन राहिले.

पुढे ताराबाईंच्या वेळेपासून पन्हाळा कोल्हापूर राज्याची राजधानी झाला. १७८२ साली राजधानी खाली कोल्हापुरास गेली. १८४४ साली गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले. इंग्रजांनी तोफा लावून गड घेतला आणि चार दरवाजा नावाचा मोठा दरवाजा पाडून टाकला. आज आपली मोटार जिथून आत शिरते, तिथे तो होता. दरवाजा गेला, वाट राहिली.

तीन दरवाजा मात्र शाबूत आहे. तो पश्चिमेच्या अंगाला आहे. आदिलशाहीत, १५३४ च्या सुमारास तो बांधला. एकामागे एक दरवाजे, आणि मधे चौक. शत्रू पहिल्या दरवाजातून आत शिरला तरी चौकात कोंडतो आणि वरून मार खातो. आपल्यातल्या गवंड्यांनी त्या दगडांच्या सांध्यांवरून हात फिरवला. एक जण म्हणाला, "सुई जायची न्हाई, गुरुजी." कारागिराला कारागीर ओळखतो.

नंतर अंबरखाना पाहिला. अंबरखाना म्हणजे धान्याचे कोठार. तीन मोठ्या दगडी इमारती आहेत. त्यांची नावे गंगा, यमुना, सरस्वती. गंगा कोठी सर्वांत मोठी. तिच्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावे असे सांगतात. एक खंडी म्हणजे वीस मण. तिथेच आम्ही वर्गाला हिशेब घातला. पंचवीस हजार गुणिले वीस किती? आपल्या एका बाईंनी मनातल्या मनात करून सांगितले, "पाच लाख मण!" वर्गात शिकलेले गणित गडावर उपयोगी पडले.

आता हे धान्य भरायचे कसे? भिंती जाड, छत घुमटांचे. बाहेरून पायऱ्या चढून छतावर जायचे. छताला भोके ठेवली आहेत. त्यांतून धान्य आत ओतायचे. आपण कणगी वरून भरतो, तोच प्रकार. फक्त ही कणगी दगडाची आणि वाड्याएवढी. आपली शेतकरी मंडळी इथे सर्वांत जास्त वेळ थांबली. कुणी भिंतीला हात लावून ओल पाहिली, कुणी वाऱ्याची भोके पाहिली. एक जण म्हणाले, "हे कोठार बांधणारा राजा नसंल, कुनबीच असंल."

एवढे धान्य कशासाठी, ते वेढ्याच्या गोष्टीवरून कळते.

१६६० साली मार्च महिन्यात विजापूरचा सरदार सिद्दी जौहर मोठी फौज घेऊन आला आणि त्याने पन्हाळ्याला वेढा घातला. शिवाजी महाराज गडावर अडकले. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, पाऊस सुरू झाला. सिद्दी हटेना. चार महिने झाले. हे चार महिने गड कशावर तगला? तटावर तर तगलाच, पण तटाला पोट नसते. तटामागे उभ्या असलेल्या माणसाला पोट असते. गड तगला तो कोठारातल्या धान्यावर आणि गडावरच्या पाण्यावर.

शेवटी १२ जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, भर पावसात महाराज सुमारे सहाशे मावळ्यांनिशी गडावरून निसटले. त्या रात्री दोन पालख्या निघाल्या. एका पालखीत महाराज. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद. शिवा काशीद हा पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूर गावचा न्हावी. रूपाने महाराजांसारखा दिसे असे सांगतात. तो महाराजांचा पोशाख घालून पालखीत बसला. ती पालखी सिद्दीच्या लोकांनी पकडली. त्यांना वाटले, शिवाजी सापडला. खरे कळेपर्यंत वेळ गेला, आणि तेवढ्या वेळात महाराज पुढे गेले. शिवाचे काय होणार हे शिवाला आधीच ठाऊक होते. तरी तो पालखीत बसला. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी देह ठेवला आणि महाराज विशाळगडी पोचले. त्या खिंडीला आपण पावनखिंड म्हणतो.

आम्ही शिवा काशीदची समाधी पाहिली. आपल्या वर्गातले एक नाभिक बंधू तिथे कितीतरी वेळ उभे होते. ते काही बोलले नाहीत. निघताना त्यांनी पाटीवरचे नाव बोट लावून वाचले. एकदा मनात वाचले, मग मोठ्याने वाचले. एवढेच सांगतो, की त्या वेळी आमच्या डोळ्यांत पाणी आले.

त्याच दिवशी उतरत्या उन्हात आम्ही अंधारबाव पाहायला गेलो. बाव म्हणजे विहीर. बाहेरून ती विहीर वाटतच नाही. काळ्या दगडाची तीन मजली इमारत वाटते. आत शिरले की दिवसाही अंधार. मोबाइलच्या बत्त्या लावून आम्ही पायऱ्या उतरलो. सगळ्यांत वरच्या मजल्यावर पहारेकऱ्यांची जागा. मधल्या मजल्यात शिपायांना उभे राहायला कोनाडे आणि तटाबाहेर निसटण्याची चोरवाट. आणि सगळ्यांत खाली पाणी.

पाण्यावर एवढा पहारा कशाला? मंडळी, गड जिंकायचे दोन मार्ग असत. एक म्हणजे तोफ लावून तट फोडायचा. त्याला फार दिवस लागत. दुसरा म्हणजे कुणाला तरी फितूर करून विहिरीत विष कालवायचे. त्याला एक रात्र पुरे. म्हणून विहिरीलाच किल्ला केला. गडाच्या पोटात आणखी एक गड. शहाण्या माणसांनी सोन्याच्या आधी पाणी कुलपात ठेवले.

आपल्या वर्गातल्या आक्का तुम्हाला ठाऊक आहेत. वय सत्तरीच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पाटी हातात घेतली. त्यांनी बाहेरची पाटी एकेक अक्षर लावून वाचली होती, अं-धा-र-बा-व. आत पायरीवर त्या बसल्या. दगडाला हात लावून म्हणाल्या, "गुरुजी, आपली बारव पन अशीच हुती की. अशाच पायऱ्या हुत्या. कोनाडं हुतं. उन्हाळ्यात आत गेलं की गार वाटायचं."

आम्ही म्हणालो, "होय आक्का."

"मग ती बुजवली कुनी?"

आम्ही गप्प राहिलो. आक्का रागावून बोलत नव्हत्या. सहज बोलत होत्या. त्या म्हणाल्या, "त्या अर्जावर माझा अंगठा हाय, गुरुजी. तुम्ही म्हनलात, विहिरीचा बंदोबस्त करायचा अर्ज हाय. मला वाटलं, कठडा बांधनार, वर जाळी बसवनार. मी अंगठा केला. मग ट्रॅक्टर आलं, आन् माती पडली."

मंडळी, हीच ती आमच्या चुकीची गोष्ट. ही गोष्ट १९९९ सालची आहे. तुमच्यातल्या तरुणांना ती ठाऊक नाही, म्हणून सांगतो. शाळेच्या मागे जुनी दगडी बारव होती. नळयोजना आल्यावर तिच्याकडे कुणी फिरकेना. लोक तिच्यात कचरा टाकू लागले. एक दिवस शाळेतला एक मुलगा पायरीवरून घसरून आत पडला. देवाच्या कृपेने वाचला. आम्ही त्या वेळी हेडमास्तर. आम्ही घाबरलो. उद्या दुसरे मूल पडले तर? आम्ही त्याच रात्री अर्ज लिहिला. त्यात लिहिले, 'सदर विहीर धोकादायक असून ती बुजविण्यात यावी.' पहिली सही आमची. पण गावात अर्ज फिरवताना आम्ही 'बुजवणे' हा शब्द उच्चारला नाही. 'बंदोबस्त' म्हटले. का म्हटले? कारण बुजवणे म्हटले असते तर म्हाताऱ्या माणसांनी हरकत घेतली असती. आम्हाला वाद नको होता. लोकांना वाचता येत नव्हते. त्यांचा आमच्यावर विश्वास होता. एकसष्ट अंगठे आम्ही एका दिवसात घेतले.

पोरे वाचवायची होती, हे खरे. पण कठडा बांधूनही ती वाचली असती. तो विचार आम्ही केला नाही. आणि पुढे काय झाले ते तुम्ही पाहिले आहे. २००३ च्या दुष्काळात नळ कोरडे पडले. टँकर आला. आक्का घागर घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. २०१३ साली पुन्हा टँकर. २०१९ साली पुन्हा टँकर. ज्या जागेवर टँकर उभा राहायचा, तिच्याखाली बारव आहे. हे आमच्या कधीच मनात आले नव्हते असे नाही. आले होते. पण आम्ही ते कुणाजवळ बोललो नव्हतो.

अंधारबावेत बसून आम्ही आक्कांना म्हणालो, "आक्का, आमची चूक झाली."

आक्का म्हणाल्या, "व्हय. झाली." मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला आता, अंधार पडंल."

बाहेर आलो तेव्हा दिवस मावळत होता. तटाजवळ एका बाईने झुणका-भाकर आणि दही दिले. खाली दरीत धुके भरत होते. कचेऱ्या बंद झाल्या होत्या. शाळा सुटून पोरे घरी गेली होती. कुठेतरी देवळात घंटा वाजली, आणि मग सगळे शांत झाले. एवढी शांतता, की आपल्या पायांचा आवाज आपल्याला ऐकू यावा. हवालदारबाबांची आठवण झाली. आपल्या माणसांनाही ते ठाऊक होते. जो तो हळू आवाजात बोलत होता.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी सगळे घोंगड्या पांघरून बसले. कुणीतरी विचारले, "गुरुजी, तिकडं इटलीत डोंगरावरच्या गावांना पानी कुठनं?" आम्ही पुस्तकात वाचले होते ते सांगितले. तेच तुम्हालाही सांगतो.

इटलीत ऑर्व्हिएतो नावाचे गाव आहे. ते एका उंच कड्यावर वसले आहे. १५२७ साली रोम शहराची शत्रूने लूट केली. तेव्हा ख्रिस्ती लोकांचे धर्मगुरू पोप तिथून पळून या गावात आश्रयाला आले. त्यांना भीती वाटली, की उद्या या गावालाही वेढा पडला तर पाणी कुठले? म्हणून त्यांनी खडकात विहीर खोदायला लावली. काम दहा वर्षे चालले. विहीर किती खोल? सुमारे पावणेदोनशे फूट. तिला आतून गोल फिरत जाणारे दोन जिने आहेत. प्रत्येकाला २४८ पायऱ्या. खेचरे एका जिन्याने पखाली घेऊन खाली उतरत आणि दुसऱ्या जिन्याने भरलेले पाणी घेऊन वर येत. उतरणारे आणि चढणारे जनावर एकमेकांना आडवे येत नसे. जिन्यांना उजेड यावा म्हणून सत्तर खिडक्या ठेवल्या आहेत. ती विहीर आजही जपली आहे.

आता पाहा. ही विहीर आणि आपली अंधारबाव. मधे हजारो मैल. ना यांनी त्यांना पाहिले, ना त्यांनी यांना. पण दोघांनी एकच विचार केला. डोंगरावर राहायचे तर आधी पाणी सांभाळा.

त्याच देशात चिविता नावाचे दुसरे एक गाव आहे. तेही टेकडीवर. पण ती टेकडी भुसभुशीत. पावसाने आणि भूकंपांनी तिचे कडे ढासळत गेले. घरे दरीत पडली. माणसे हळूहळू शेजारच्या गावी गेली. आज तिथे कायमची राहणारी माणसे दहा-बारा उरली आहेत. जायला एक लांब पूल आहे, त्यावरून चालत जायचे. पाहुणे पुष्कळ येतात, तिकीट काढून येतात, आणि संध्याकाळी परत जातात. गाव सुंदर आहे. पण पाहायला येणाऱ्यांनी गाव होत नाही. चूल पेटवणाऱ्यांनी गाव होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुणका-भाकरवाल्या बाईंशी पुन्हा बोलणे झाले. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्को या जागतिक संस्थेने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यांत पन्हाळा आहे. म्हणजे हा ठेवा साऱ्या जगाचा, असे जगाने मानले. आम्ही बाईंना म्हटले, "अभिनंदन!" त्या म्हणाल्या, "चांगलंच झालं, गुरुजी. पण आधी आमच्या जिवाला घोर लागला हुता. गड जपायचा म्हणून आमची घरं तर काढणार न्हाईत? आम्ही हितं पिढ्यान् पिढ्या ऱ्हातोय." त्यांचे म्हणणे आम्हाला पटले. दगड जपलेच पाहिजेत. पण दगडाला सकाळी उठून सडा घालता येत नाही. तो घालणारी माणसेही गडावर राहिली पाहिजेत. पन्हाळा आठशे वर्षे गाव म्हणून टिकला. राजे आले, गेले. निशाणे बदलली. माणसे राहिली, कारण पाणी होते.

तर मंडळी, पन्हाळा पाहून आम्ही काय आणले? कुणी कोल्हापुरी चपला आणल्या, कुणी गुळाची ढेप आणली. आम्ही एक विचार आणला.

आपली बारव बुजली आहे, नाहीशी झालेली नाही. मातीखाली पायऱ्या तशाच असतील. ती उकरता येईल. पाणी लागेलच असे आम्ही सांगत नाही. आता या बाबतीत आम्ही घाईने काही सांगणार नाही. आधी जाणत्या माणसाला दाखवावी लागेल. किती माती काढायची, ती कुठे टाकायची, खर्च किती, श्रमदान किती, हे ठरवावे लागेल. भोवती पक्का कठडा हवा, वर जाळी हवी, म्हणजे पोर पडणार नाही. शाळेच्या छतावरचे पावसाचे पाणी तिच्यात सोडता येईल. आणि तिच्यात पुन्हा कुणी कचरा टाकणार नाही, असा गावाने नेम करावा लागेल.

हे सगळे लिहून आम्ही एक अर्ज तयार केला आहे. तो येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ठेवायचा आहे. त्यावर गावकऱ्यांच्या सह्या हव्यात.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हा अर्ज आम्ही तुम्हाला वाचून दाखवणार नाही. त्यात काय आहे हेही आमच्या तोंडून ऐकून धरू नका. आत्ता सांगितले तेच त्यात आहे की दुसरे काही, हे तुम्ही पाहा. अर्ज मोठ्या अक्षरांत लिहून त्या भिंतीवर लावला आहे. खाली कंदील ठेवला आहे, कारण रात्री वीज जाते. घाई नाही. आठ दिवस तो तिथेच राहील. एकेक शब्द लावून वाचा. एखादा शब्द अडला तर विचारा. एखादा शब्द खोटा वाटला तर आम्हाला उभे करून विचारा. पटला तर सही करा. पटला नाही तर करू नका.

खाली शाईची डबी ठेवलेली नाही. अंगठा घ्यायचा नाही. फक्त पेन ठेवले आहे.

पहिली सही झाली आहे. ती आमची नाही. आक्कांनी काल संध्याकाळी येऊन अर्धा तास अर्ज वाचला. 'कठडा' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. मग त्यांनी सही केली. आमची सही शेवटी होईल. तेवढी जागा खाली सोडा.

रामराम.